येनटोल्याचं टेसन

उषाबाई: अवो, उतरा ना जी त्या इंजिनावरून! किती आवाज देऊ? दादा आला.

भोजराज: कोन दादा?

उषाबाई: माझे दादे का दहा-बारा हायेत? केवळदादा. समोर छपरीत बसला. पानी देल्लं, पेला.

भोजराज: आपल्या घरी? मी घरी असताना?

उषाबाई: मलेबी तेच समजून नाई राह्यलं. टीनाचं लगन जुडलं ना, दादाच्या निकेशच्या पोरीचं. त्याची पत्रिका घेऊन आला. निकेश आला असता फटफटीवर. तं हा बाबा एस्टी बदलत बदलत आला, या वयात.

भोजराज: मंग मी इथंच थांबतो वाडीत. तू पत्रिका घे, भावाले जेवू घाल. मले पाहून त्याईले घास नाई उतरनार.

उषाबाई: आयका ना पुरं. तो म्हनते, "जवाई कोठी हायेत?"

भोजराज: जवाई म्हनला?

उषाबाई: हाव. आमचं गाव धरनाच्या पान्यात गेलं तवापासून मले "तुहा नवरा" म्हने. आज जवाई म्हनला. आन म्हनला, "ते गाडी पाहाची हाय मले." हात पुसा पह्यले. कपाळाले ग्रीस लागलं.

भोजराज: पाटी काढून ठेवू का मी?

उषाबाई: कोनती?

भोजराज: कोनती इचारते! टेसनाची. नट ढिले केले का झालं.

उषाबाई: काहून काढता? मी लावाले लावली ना? राहू द्या. आलाच पाहा तो. इकडं ये दादा. जरा पाहून, पायात रूळ येतेत.

केवळराम: उतरू नोका, बसा. चालू राहू द्या तुमचं.

भोजराज: राम राम दादा. या. हे खुर्ची घ्या.

केवळराम: उभाच बरा हावो. हे रूळ कायचे?

भोजराज: पट्टीचे जी. लोखंडाची चपटी पट्टी उभी करून वेल्डिंग मारली. खाली हे आडवे लाकडं येनाच्या झाडाचे. उधई लागते म्हून दरसाल जळलं ऑइल पाजतो त्याईले.

केवळराम: आन चालते कायवर? कोळशावर?

भोजराज: बॅटरीवर. अंदर ई-रिक्षाची मोटर हाय. पह्यले डिझलवर करून पाह्यलं, तं शेजारी ओरडत.

उषाबाई: शेजारी नाई, मी ओरडो. दोरीवरचे कपडे काळे होत.

केवळराम: मानूस बसते?

भोजराज: बसते ना. घोड्यावर बसल्यावानी, दोनी बाजूले पाय सोडून. एका डब्यावर दोन मोठी मानसं, नाई तं चार पोट्टे. रविवारी आख्खा मोहल्ला असते इथं. शाळा बी सहल घेऊन येतेत.

उषाबाई: धाकले पोट्टे उतराले रडतेत. आन हे त्याईच्याहून जास्त. मानूस कामातून मोकळा झाला का देवाधरमाले लागते, तं हे रूळ टाकत बसले. पह्यल्या साली टमाटरचे वाफे गेले, दुसऱ्या साली वांग्याचे. आता भाजीवर टाकाचा हिरवा सांबार बी इकत आनतो आमी.

केवळराम: थांबते कोठी कोठी?

भोजराज: हे इथं घरापाशी लाखनी. मंग विहिरीजवळ कोंढा. माझी बहीन शकुन तिथं देल्ली ना, म्हून. मंग तिकडं सीताफळाखाली सिहोरा. आमची रिता सिहोऱ्याले राह्यते. जेथी आपली मानसं, तेथी टेसन.

केवळराम: आन मंग?

भोजराज: मंग परत लाखनी.

केवळराम: मधातलं एक सुटलं तुमचं.

उषाबाई: दादा, चहा ठेवतो मी. चाल, छपरीत बसू.

केवळराम: चहा मंग. ते सुटलेलं मी सांगू? आमच्या नव्या वस्तीत चंद्रकुमारचा नातू हाय. दिवाळीनंतर शाळेच्या सहलीत इकडं आला होता. घरी जाऊन गल्लीभर सांगत फिरे, मी गाडीत बसून येनटोल्याले गेलो. मी वट्ट्यावर होतो. म्हनलं, काय बोलते रे? तू पैदा नाई झाला तवाच येनटोला पान्यात गेला. तू कोठून जाऊन आला? तं म्हनते, खरंच आबा. लाखनीले एका घरी गाडी हाय. पिवळी पाटी हाय, काळ्या अक्षराची. गाडी थांबली, आमी पाह्यलं, दादाजीनं शिटी मारली आन आमी परत आलो.

भोजराज: दादा, मी सांगतो…

केवळराम: मले समजलं लाखनीले गाडीवाला कोन ते. पत्रिका तं निकेशच आनत होता. मी म्हनलं, मी जातो. कोठी हाय ते पाटी?

उषाबाई: हे काय, हौदाच्या बाजूले.

केवळराम: हं. कोनाले इचारून लिहिलं जवाई, गावाचं नाव?

भोजराज: कोनाले इचाराचं होतं जी? गाव कोठी होतं इचाराले?

केवळराम: मी होतो ना. मी बुडलो का? धरनाचे दारं तुमी लावले. नाई म्हना.

भोजराज: नाई कायले म्हनू? लावले. मी आन माझ्यासंगचे फिटर. ठेकेदाराकडं होतो मी. क्रेननं दार उभं राहे आन कडेची वेल्डिंगची शिलाई मी मारो. आजबी पाहाल तं ते शिलाई तशीच्या तशी असन.

केवळराम: तेच. तुमचं काम पक्कं. तेच दार खाली आलं आन पानी माझ्या अंगनात आलं. पूर असता तं समजलो असतो मी. पूर येते, नासधूस करते आन जाते. हे पानी सांजच्या गुरावानी आलं. हळू हळू. पह्यले वावरात, मंग बोडीच्या तळ्यात, मंग गोठ्यात. कोनी हाकललं नाई, कोनी वळवलं नाई. आपलंच घर असल्यावानी अंदर शिरलं आन बसलं. उठलंच नाई अजून.

उषाबाई: दादा, खाली बस. खुर्ची हाय ना.

केवळराम: बुडवलं बी तुमी, पाटी बी तुमीच लावान. हे काय तमाशा हाय का जवाई? पोट्टे येतेत, शिटी वाजते, येनटोला आला, येनटोला गेला. काढा ते. माझ्यासमोर काढा. मंग पत्रिका देतो आन जातो मी.

भोजराज: काढतो दादा. उषे, पाना आन तिथून, खोक्यात हाय.

उषाबाई: नाई आनत.

भोजराज: आन ना. कायले भांडन वाढवते?

उषाबाई: भांडन तं आता सुरू बी नाई झालं. पाटी माझी हाय. काढाची असन तं मले इचारा. दादा, तू निकेशच्या लग्नाले मले बलावलं, याईले नाई बलावलं. मी आली नाई. आठोते?

केवळराम: न आठवाले काय झालं? हळद लावाले आत्या नव्हती पोराले. मायवानी धुरपताबाईनं लावली, शेजारच्या.

उषाबाई: तवा तुह्या दारी मांडव होता आन मी इथं भांडे घासून राह्यली होती. हे आले, म्हनलं, उषे, जाचं हाय का माहेरी? मी सोडतो बाहेरून. माझं डोस्कं सनकलं. म्हनलं, कोनतं माहेर? माझ्या माहेरात तं मासोळ्या फिरून राह्यल्या. ते नवी वस्ती तुही हाय दादा, माझी नाई. मले तिथं कोनत्या घराचा कोनता कोपरा माहीत हाय? मंग बोलता बोलता तोंडातून निघालं, का बाबा म्हनत, आपल्या गावाले गाडी येईन.

केवळराम: बाबाचं सांगितलं तू?

उषाबाई: हाव. टेसनाच्या बांधीचं, त्या धानाच्या वावराचं बी सांगितलं.

केवळराम: काहून?

उषाबाई: काहून म्हंजे? नवरा हाय माझा.

भोजराज: तवा रूळ नव्हते दादा. नुसतं इंजिन बनवलं होतं मी, हौस म्हून. छपरीत उभं राहे, चाकं हवेत फिरत. उषानं ते बांधीचं सांगितलं ते डोस्क्यात राह्यलं, कामातून मोकळा झालो आन मंग मी रूळ टाकाले घेतले. बाकीचे टेसनं मागून आले. पह्यलं तेच.

केवळराम: काय सांगितलं हिनं? हे तं जनमली बी नव्हती.

उषाबाई: जे माय सांगे तेच.

केवळराम: मायनं अर्धंच सांगितलं असन. ते चिडे ना त्या गोष्टीवर. मी होतो तिथं. मी चवथीत होतो. धान कापून झाले होते आन नदीकडून मानसं आले, खाकी टोपीवाले. संगं साखळी, लाल झेंड्या, तीन पायाची दुर्बीन. गोट्यायले चुना लावत लावत आले. बाबानं त्याईले घरी आनलं. भात आन जवसाची चटनी वाढली. मंग इचारलं, साहेब, काय होऊन राह्यलं? तं म्हने, रेल्वेची लाइन जानार हाय इकडून. बाबा म्हने, मंग टेसन कोठी? आता तो बिचारा जेवून उठला होता, हात धुऊन राह्यला होता. त्यानं ओल्या हातानं असं दाखवलं, तिकडं कोठीतरी.

उषाबाई: तिकडं म्हंजे आपली बोडीखालची बांधी.

केवळराम: सगळ्यात चांगली बांधी. बोडीचं पानी सरळ तिच्यातच उतरे. लुचई धान पिके, शिजवला का घरभर वास. बाबानं त्या सालापासून ते पेरनं सोडलं. म्हने, गाडी आली तं उभं पीक कापा लागन. माय भांडे, गाव हासे. आनंदराव टेसनमास्तर म्हनत लोकं बाबाले. बाबाले राग नाई ये. उलटं सकाळी जाऊन गोटे इचे तिथले, ढेकळं फोडे. सपाट करून ठेवली.

भोजराज: आन गाडी?

केवळराम: कायची गाडी? ते मानसं गेले ते गेले. चुना बी एका पावसात धुतला गेला. पन बाबा मले म्हने, सरकारचं काम हाय केवळ, टाइम लागते.

उषाबाई: मले म्हने, तुही वरात गाडीनं येईन. गाव पाह्यत राहीन.

भोजराज: आन मी आलो ट्रकात. अर्धी वरात उभी, अर्धी पोत्यावर बसलेली.

केवळराम: तरी बाबानं मांडव त्याच बांधीत टाकला. आंगन मोठं होतं आपलं, पन नाई, तिथंच टाकला.

भोजराज: मले कोनी सांगितलं नाई तवा, का हे टेसन हाय म्हून. मी म्हनलं, चांगली मोकळी जागा हाय.

केवळराम: बाबा गेले त्या सालीबी मले म्हने, केवळ, ते बांधी नांगरू नोको. मी हाव म्हनलं. नाई नांगरली. पानी आलं तवा तिच्यात नुसतं गवत होतं, कंबरभर. सगळ्यात पह्यले तेच बुडालं.

उषाबाई: चहा ठेवू दादा?

केवळराम: थांब. हे पाटी इथं काहून हाय?

उषाबाई: म्हंजे?

केवळराम: या हौदाच्या या बाजूनं काहून?

उषाबाई: हौद म्हंजे आपली बोडी धरली मी. बोडीची पाळ, आन पाळीच्या खाली बांधी. म्हून इथं.

केवळराम: उलटं केलं तू. तिकडून पाह्यजे. बांधीत उभं राह्यलं का बोडीच्या पाळीवरून दिवस निघे. तुही पाटी अशी हाय का पाळीमागं दिवस बुडून राह्यला.

उषाबाई: तसाच बुडे. माझ्या लग्नात मी पाटावर बसली होती आन पाळीवरून ऊन सरळ डोळ्यात येऊन राह्यलं होतं. सांजचं ऊन. मले पक्कं आठोते.

केवळराम: तुहं लगन सकाळी लागलं.

उषाबाई: सांजचं लागलं.

केवळराम: इचार तुह्या नवऱ्याले.

भोजराज: सकाळीच लागलं उषे. ट्रक दुपारी माघारी देवाचा होता मालकाले, म्हून घाई केली सगळ्याईनं. जेवताना बी डायवर हॉर्न मारून राह्यला होता.

उषाबाई: सकाळी?

भोजराज: हाव ना.

उषाबाई: मंग एवढे सालं मी गाव उलटंच धरून बसली? डोळे मिटून जातो मी कधी कधी तिकडं. फाटकातून अंदर, विहीर डावीकडं, गोठा उजवीकडं… ते बी उलटं असन का मंग, दादा?

केवळराम: नाई, विहीर डावीकडंच होती. ते बरोबर हाय तुहं. काडी दे ते. इकडं या तुमीबी जवाई. तुमाले बी माहीत असलं पाह्यजे.

(केवळराम उकिडवा बसतो. काडीनं मातीत रेघा ओढू लागतो.)

केवळराम: हे नदी. हे आपली बोडी. इथून वाट येते गावात. हे मारोती, हे शाळा. शाळेपाशी चिंच.

उषाबाई: चिंच मले बोडीवर आठोते.

केवळराम: बोडीवर मोह होता. फुलं इचाले जाये तू पहाटी, टोपलं घेऊन. हे आपलं घर. आपल्या बाजूनं धुरपताबाई. समोर कोतवालाचं घर. मंग ही गल्ली वळते. इथं चंद्रकुमारचा बाप. त्याच्या बाजूनं दोघं भाऊ, ते नाई का, एक बोले दुसरा नाई बोले…

उषाबाई: हाव, हाव. त्याईच्या दारात जांब होता, पेरू. पांढरा.

केवळराम: लाल. अंदरून लाल निघे तो.

उषाबाई: हाव, लाल.

केवळराम: आन त्याच्या बाजूनं… थांब. इथं घर होतं. कवेलूचं, छपरीले निळा रंग. म्हातारी बसे दारात, सुपारी फोडत. कोनाचं घर हाय हे?

उषाबाई: मले म्हातारी आठोते. नाव नाई आठोत.

केवळराम: तिचा पोरगा माझ्यासंग शिकत होता. आमी एका बाकावर बसत होतो. त्याच्या घरी मी जेवलो, उषे. कोनाचं घर हाय हे?

भोजराज: आठवन दादा. घाई नोका करू.

केवळराम: आता इचाराचं कोनाले? चंद्रकुमार मांगल्या साली गेला. धुरपताबाईले आयकू नाई येत. निकेशले इचारलं तं म्हनते, बाबा, कायले डोस्क्याले ताप करून घेता. त्याचं बी बरोबर हाय. त्याले काम हाय, पोरीचं लगन हाय. पन जवाई, मी सकाळी उठलो का असं एक एक घर धरून जातो. पह्यले अंघोळीच्या अंदर पुरं गाव होऊन जाये. आता मधातच अटकतो. मंग चिडतो. सुनेवर, पोट्टायवर. त्याईले समजत नाई म्हातारा काहून चिडला.

उषाबाई: मले काहून नाई सांगितलं?

केवळराम: तू येत कोठी होती?

उषाबाई: तू बलावत कोठी होता?

भोजराज: उषे.

उषाबाई: नाई, बोलू द्या. दोनच मानसं हावो आमी त्या घरातले, आन दोघंबी रुसून बसले. हा तिकडं घरं मोजते, मी इकडं उलटं-सुलटं करून बसतो. संगं बसलो असतो तं एवढं तं नसतं ना इसरलं.

केवळराम: जवाई, सबल हाय का, लोखंडी पहार?

भोजराज: हाय ना. कायले?

केवळराम: हे पाटी उपटा. त्या बाजूनं गाडू, हौदाच्या पलीकडं.

भोजराज: काढाची नाई मंग?

केवळराम: चुकीच्या जागी हाय ते काढा ना. बरोबर जागी लावा.

भोजराज: दादा, तिथं वळन हाय रुळाचं. वळनावर टेसन नाई बनत. गाडी वाकडी उभी राह्यते.

केवळराम: राहू द्या वाकडी.

भोजराज: तुमाले उतराले तरास होईन, डबा एका बाजूले कलते तिथं.

केवळराम: कलला तं कलला. जागा तं बरोबर राहीन. नाई तं रूळ सरळ करा. तुमाले काय अवघड हाय? एवढे मोठे दारं सरळ उभे केले.

भोजराज: ते करतो जी. त्याले दोन-चार दिवस लागन, पट्टी तापवा लागन. आज पाटी नेऊ. सबल मले द्या, तुमी नोका…

केवळराम: काहून? गड्डा खंदनं नाई इसरलो मी. तुमी पाटी धरा, मी खंदतो. इथं. नाई, अजून जरा मांगं. बाबा जिथं गोटे इचून टाके ते ढीग पाळीच्या खाली होतं. टेसन त्याच्या समोर. हाव, इथं.

उषाबाई: सावकाश दादा. खाली नळाचा पाइप हाय.

केवळराम: लागला नाई पाइप. धरा आता जवाई. सरळ. उषे, दुरून पाह्य, सरळ हाय का?

उषाबाई: थोडी तुह्याकडं घे. आनखी. बस.

केवळराम: माती लोटा. पायानं दाबा चांगलं. जवाई…

भोजराज: हो जी?

केवळराम: ते पत्रिका तिकडं छपरीत पिशवीत हाय. निकेशनं दोघाईचं नाव लिहिलं तिच्यावर. मी लिहाले नाई लावलं.

भोजराज: बरं.

केवळराम: पन मी खोडलं बी नाई.

भोजराज: येतो आमी दादा. पह्यल्या दिवसापासून येतो. मांडव उभा कराले येतो.

केवळराम: मांडव ठेकेदार टाकते आता. तुमी नुसते या. टीनाले हळद लावाले आत्या पाह्यजे. तिच्या बापाच्या वेळेले राह्यलं ते.

उषाबाई: मी तिची आत्या थोडीच, मी आजी लागतो तिची.

केवळराम: जे लागत असन ते लाग. ये म्हंजे झालं. आता हे गाडी चालते का नुसती उभीच राह्यते?

भोजराज: चालते ना! बसता तुमी? या, या डब्यावर. इकडून पाय टाका. इथं धरा, या दांडीले. धोतर चाकाकडं नोका जाऊ देऊ. उषे, तू तिकडं उभी राह्य पाटीपाशी. नवीन टेसन हाय, गाडी घ्याले कोनी पाह्यजे.

उषाबाई: मी हावो इथं.

भोजराज: सोडू दादा?

केवळराम: सोडा.

भोजराज: धक्का बसन सुरुवातीले थोडा. बसला? हे आता विहिरीपाशी कोंढा येईन. थांबाचं का?

केवळराम: शकुनबाई घरी असन का?

भोजराज: असन. पन चहा पेल्याशिवाय सोडत नाई ते.

केवळराम: मंग चाला पुढं. आवाज नाई करत तुमची गाडी.

भोजराज: बॅटरीवर हाय ना जी. पाह्यजे असन तं शिटी हाय.

केवळराम: नाई, बरं हाय. बोलता येते.

भोजराज: हे सिहोरा. सीताफळाच्या फांदीले डोस्कं वाचवा.

केवळराम: रिता बरी हाय?

भोजराज: बरी हाय. संक्रातीले येनार हाय. तिले सांगतो मी, मामा आले होते म्हून. तिले खरं नाई वाटनार.

केवळराम: तिचं लगन झालं तवाबी मी नाई आलो. तिनं लहानपनी मले इचारलं होतं, मामा, तुमची बोडी किती मोठी हाय? मी म्हनलं, ये, दाखवतो. जवाई, जरा हळू घ्या आता.

भोजराज: हळूच हाय जी. आनखी कमी करतो. आता हौद येईन डाव्या बाजूनं. कलन थोडं, घाबरू नोका.

केवळराम: उषा दिसून राह्यली. पदर घेतला तिनं डोस्क्यावर.

भोजराज: गाडीले पाहून घेतला असन.

केवळराम: माय तशीच उभी राहे, बांधाच्या टोकाले. भांडे, पन उभी राहे.

भोजराज: येनटोला. या, उतरा दादा. टेसन आलं.

केवळराम: हाव.

भोजराज: पाय इकडून घ्या. मी धरतो.

केवळराम: उतरून जाऊ कोनाघरी, जवाई?

उषाबाई: नोको उतरू. बसून राह्य.

केवळराम: गाडी खोळंबन ना बाई.

भोजराज: मांगून काई येत नाई दादा. या लाइनवर आपलीच एक गाडी हाय.

उषाबाई: सरक जरासा. मलेबी बसू दे.